खिशातला घडीचा चाकू: हजार-दोन हजाराचा माल कसा पारखावा

स्वस्त चाकूच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत पोलादाचं नाव छापलेलं असतं. नेमकी तीच गोष्ट घरी धड तपासता येत नाही. उघडं पातं अडवून धरणारं लॉक नीट बसतं का, पातं मधोमध मिटतं का, धारेच्या मागे किती जाडी ठेवली आहे, हे मात्र अर्ध्या तासात डोळ्यांनी आणि बोटांनी कळतं, आणि चाकू रोज खिशात राहणार की ड्रॉवरमध्ये पडून राहणार हेही तिथंच ठरतं. म्हणून इथला क्रम जाहिरातीच्या उलटा आहे. आधी माप आणि मिटलेला चाकू, मग लॉक, मग घडण, मग कापणं आणि पोलाद शेवटी.

जवळ ठेवायचं सामान: व्हर्नियर कॅलिपर (नसेल तर शाळेतली पट्टी), स्वयंपाकघरातला वजनकाटा, मोबाइलचा टॉर्च, जुनं वर्तमानपत्र, पार्सलचं एखादं खोकं, सुतळी, एक सफरचंद, काळा मार्कर आणि कापसाचा बोळा. चाकू ऑनलाइन मागवला असेल तर लॉक आणि खुळखुळ तपासून होईपर्यंत त्याने काहीही कापू नका. वापरलेला चाकू सहसा कुणी परत घेत नाही.

काम आणि माप

रोजची कामं म्हणजे पार्सलची टेप, सुतळी, गोणीची शिलाई, दुधाची पिशवी, प्लास्टिकची पट्टी, डब्यातलं फळ. याला 6 ते 7.5 सेंमी पातं पुरतं. 5 सेंमीच्या खाली सफरचंद एका घावात चिरत नाही. 8 सेंमीच्या वर गेलात की कामात फारशी भर पडत नाही, चारचौघांत उघडल्यावर लोक बिचकतात तेवढं मात्र होतं.

पात्याची जाडी पाठीवर मोजा. 2 ते 2.5 मिमी उत्तम. 3.5 मिमीचं पातं ‘दणकट’ म्हणून विकलं जातं, आणि ते दणकट असतंही, पण पाचरीसारखं. पुठ्ठ्यात ते अडकतं आणि गाजर कापण्याऐवजी तडकवतं. वजन 90 ग्रॅमच्या आत असावं. 120 ग्रॅमचा चाकू सुती पँटच्या खिशात दिवसभर लोंबतो आणि आठवडाभरात घरी राहायला लागतो.

मुठीत चारही बोटं बसलीच पाहिजेत असं नाही. तीन बसून करंगळी खाली राहिली तरी चालतं. मात्र तर्जनी आणि धार यांच्या मध्ये काहीतरी आडोसा हवा: मुठीला खाच, पात्याच्या बुडाशी उंचवटा, काहीही. गुळगुळीत सरळ मूठ असलेल्या चाकूने टोक खुपसून भोक पाडताना ओला हात पुढे सरकतो.

कायद्याचं माप वेगळं. 1959 च्या शस्त्र कायद्याखालच्या 2016 च्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. छोटा घडीचा चाकू या मापाच्या खूपच आत राहतो. पण तेवढ्यावर विसंबू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली निवडणुका, सण, मोर्चे अशा वेळी मनाई आदेश निघतात, आणि तेव्हा चाकूच काय, काठीही बाळगता येत नाही. बटण दाबून स्प्रिंगने उघडणारा खटक्याचा चाकू नवख्याने घेऊच नये. दिल्लीत तर 1980 च्या अधिसूचनेने 7.62 सेंमी किंवा जास्त लांब आणि 1.72 सेंमी किंवा जास्त रुंद पात्याचे असे चाकू बाळगायला मनाई आहे. विमानात चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाकावा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी गणित आणखी निराळं: तिथं सबळ कारणाशिवाय बाळगायचा तर चाकू घडीचा, धार 3 इंचांपर्यंत आणि लॉक नसलेला हवा.

मिटलेल्या चाकूची तपासणी

चाकू मिटून वरून मुठीच्या फटीत पाहा. पातं दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या मधोमध असावं. थोडं कलंडलेलं असेल तर काळजी नाही, स्वस्त मालात ते असतंच आणि बिजागरीचा स्क्रू सैल-घट्ट करून बऱ्याचदा सुधारतं. पण धार एखाद्या पट्टीला घासत असेल तर प्रत्येक उघडझापेला ती बोथट होईल. मार्करने धारेची बाजू काळी करा, दहा वेळा उघडमीट करा आणि शाई कुठं पुसली गेली ते पाहा.

टोक मुठीच्या आत पूर्ण बुडलेलं हवं. बोटाचं पेर मुठीच्या कडेवरून टोकाकडून बुडापर्यंत हलकेच फिरवा. काही टोचलं किंवा अडकलं तर चाकू बाद, कारण खिशात हात घालताना तेच टोक भेटणार आहे. लॉक नसलेल्या, नुसत्या पाठीच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या चाकूत मिटलेल्या पात्याची पाठ अंगठ्याने आणखी खाली दाबा. ‘टिक’ असा आवाज आला तर धार आतल्या स्प्रिंगवर आपटते. असा चाकू रोज खटकन मिटवलात की पात्याच्या मध्यावर बारीक चपटा डाग पडतो, आणि लोक त्याचं खापर पोलादावर फोडतात.

आता चाकू खिशात आपोआप उघडेल का ते पाहू. आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करा, मिटलेला चाकू पात्याची फट जमिनीकडे करून घट्ट धरा आणि मनगटाला दोन-तीन झटके द्या. पातं हललंच नाही पाहिजे. लायनर लॉकच्या, म्हणजे मुठीतली पट्टी सरकून पात्यामागे टेकते त्या लॉकच्या, पट्टीत एक छोटी गोळी बसवलेली असते. मिटल्यावर ती पात्यातल्या खळग्यात बसते. खळगा उथळ असला की पातं झटक्याने बाहेर येतं. हा दोष घरी दुरुस्त होत नाही.

लॉक

इथं घाई करू नका. पातं अचानक बोटांवर मिटलं तर वाईट जखम होते.

लायनर लॉक आणि फ्रेम लॉक यांचं तत्त्व एकच. मुठीतली एक पट्टी बाजूने सरकून पात्याच्या बुडामागे टेकते आणि पात्याला मागे येऊ देत नाही. चाकू उघडून वरून पाहा आणि बुडाच्या जाडीचे मनातल्या मनात चार भाग करा. पट्टी पहिल्या भागाच्या शेवटापासून अर्ध्यापर्यंत कुठंही टेकली असेल तर ठीक. अगदी काठावर टेकली असेल तर दाबाखाली सुटू शकते. पार पलीकडच्या बाजूला पोचली असेल तर नव्या चाकूतच झिजेची जागा संपली आहे, काही महिन्यांत पातं खुळखुळायला लागेल. पट्टी कितपत अंगाने टेकते हे पाहायला बुडाच्या उतारावर मार्कर फासा आणि पाच-सहा वेळा उघडमीट करा. शाई एका कोपऱ्यातच खरवडली गेली तर संपर्क टिकलीएवढाच आहे.

आता दाब. मूठ दोन्ही बाजूंनी तळहात आणि अंगठ्यात अशी धरा की एकही बोट पात्याच्या मिटण्याच्या वाटेत येणार नाही. हा नियम एकदाही मोडू नका. उघड्या पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर जाड टॉवेल टाकून त्यावर टेकवा आणि हळूहळू भार वाढवा. पाच वेळा करा. पट्टी सरकताना दिसली किंवा ‘कट्’ असा बारीक आवाज आला तर थांबा. मग गुंडाळलेल्या मासिकावर पाठीने चार-पाच हलक्या टिचक्या मारा. काही जण पाठ लाकडावर दाणदाण आपटून लॉक ‘तपासतात’. त्यात चांगलंही लॉक धक्क्याने क्षणभर उसळतं आणि पट्टीचं तोंड दबतं. आपटण्यातून फारसं काही कळत नाही, चाकू मात्र जुना होतो.

लायनर लॉकसाठी आणखी एक पाहणी: उघडा चाकू पूर्ण मुठीत, जोर लावून आवळा. लॉक सोडायला मुठीत जी खाच असते तिथून बोटाचं मांस आत शिरून पट्टीला ढकलतं का? लहान मुठीच्या चाकूंत हे होतं, आणि नेमकं जोर लावून कापतानाच होतं.

लॉक सुटलं म्हणून चाकू लगेच परत पाठवू नका. कारखान्यातून येताना सगळीकडे तेल फासलेलं असतं आणि पट्टीच्या तोंडावरचं तेल हे सुटण्याचं अगदी साधं कारण आहे. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने दोन्ही पृष्ठभाग पुसून पुन्हा तपासा. तरीही सुटलं तर उताराचा कोन चुकलेला आहे. तो कानशीने घासून नीट करण्याच्या फंदात पडू नका.

पाठीवर कळ असणाऱ्या बॅक लॉकमध्ये किंचित वर-खाली हालचाल चालवून घ्यावी, ती त्या रचनेतच येते. तिथला खरा शत्रू खिशातला भुगा. तो खाचेत साचला की कळ पूर्ण खाली बसत नाही, पातं लॉक झाल्यासारखं वाटतं आणि झालेलं नसतं. दातकोरणीने खाच साफ ठेवायची. आडव्या दांड्याच्या लॉकमध्ये बारीक तारेच्या दोन स्प्रिंगा असतात. त्यातली एक तुटली तरी दुसरीवर काम चालतं, पण दांडा एका बाजूने ढिला लागला तर समजून जावं. फिरत्या कड्याचं लॉक, म्हणजे फ्रान्सच्या ओपिनेलचं 1955 पासूनचं, यांत सर्वांत साधं. कडं फिरवलं की पात्याची वाट बंद. त्यात बिघडण्यासारखं फार थोडं आहे, फक्त कडं फिरवायला विसरायचं नाही.

लॉक नसलेला चाकू कमी प्रतीचा, असं मुळीच नाही. व्हिक्टोरिनॉक्सचे 58 आणि 91 मिमीचे लाल चाकू पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या स्प्रिंगवर चालले आहेत. अशा चाकूत स्प्रिंगचा जोर पाहा. नखाने ओढताना नख दुमडत असेल तर फार कडक, उघडं पातं नुसत्या बोटाच्या धक्क्याने मिटायला लागलं तर फार ढिला.

खुळखुळ

उघडं पातं टोकाजवळ पाठीकडून चिमटीत धरा, आधी डावी-उजवीकडे आणि मग वर-खाली हलवा. डावी-उजवीकडची हालचाल म्हणजे बिजागरीचा स्क्रू सैल. अष्टमांश फेरा आवळा, पुन्हा पाहा, परत अष्टमांश. एकदम अर्धा फेरा आवळलात तर पातं जाम होतं आणि मग लोक तेल ओतत बसतात. वर-खाली हालचाल असेल तर दोष लॉकच्या बसण्यात आहे आणि बॅक लॉक सोडून बाकी कुठल्याही लॉकमध्ये ती आढळली तर चाकू परत करा.

स्क्रू बहुतेक सहा पाकळ्यांचे, टी6 आणि टी8 मापाचे असतात. चष्म्याच्या डब्यातल्या चपट्या स्क्रूड्रायव्हरने ते उघडायला गेलात की डोकं गोल झालंच. स्क्रू हलत नसेल तर त्यावर घट्ट बसवणारा गोंद आहे. हेअर ड्रायरने मिनिटभर गरम करा, मग फिरवा.

धार, आणि धारेच्या मागची जाडी

नव्या चाकूचं यश याच भागात असतं, आणि याकडे फार थोडे जण पाहतात. धारेचे दोन उतार जिथं सुरू होतात त्याच्या लगेच वर कॅलिपरने जाडी मोजा. 0.3 ते 0.5 मिमी म्हणजे छान कापणारा चाकू. 0.6-0.7 चालेल. 0.8 च्या पुढे गेलं की तो कितीही धारदार केला तरी पुठ्ठ्यात अडखळेल, कारण धार आत शिरल्यावर मागचा जाड भाग अडतो. कॅलिपर नसेल तर धारेच्या चकाकत्या उताराची रुंदी पाहा. प्रत्येक बाजूला 20 अंश कोन धरला तर पाऊण मिमी रुंद उतार म्हणजे मागे साधारण अर्धा मिमी जाडी, आणि 1.2 मिमी रुंद उतार म्हणजे 0.8. चाकूच्या फोटोत धारेचा पट्टा ठळक, रुंद, चकचकीत दिसला की तो भारी वाटतो. बऱ्याचदा ती जाड पात्याचीच खूण असते.

दोन्ही बाजूंचे उतार सारखे आहेत का तेही पाहा. थोडा फरक पहिल्या दोन-तीन धारांत निघून जातो. पण एका बाजूला टोकाजवळ उतार अचानक रुंद झालेला असेल तर तिथं पातं जाड राहिलं आहे.

मग धार तपासा. चाकू धार वर करून धरा आणि टॉर्चचा उजेड सरळ धारेवर टाका. नीट धार दिसतच नाही. जिथं चकाकतं तिथं बोथट आहे किंवा खाच पडली आहे. त्यानंतर कापसाचा बोळा पाठीकडून धारेकडे, धार ओलांडून हलकेच ओढा. तंतू अडकले तर धारेवर पोलादाची दुमडलेली किनार राहिली आहे. अशी धार पहिल्या दिवशी कागद फराफरा कापते आणि दुसऱ्या दिवशी टोमॅटोच्या सालीवर घसरते. चामड्याच्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा उलटं ओढलं की ती बहुधा जाते.

शेवटी वर्तमानपत्राचं पान एका हाताने लोंबतं धरून बुडापासून टोकापर्यंत कापत या. नेमकी कुठं फाटलं ती जागा मार्करने टिपून ठेवा.

कापून पाहणं

पुठ्ठ्याच्या 30 सेंमी लांब वीस पट्ट्या कापा, पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्यांना आडव्या. एकूण सहा मीटर. मग पुन्हा वर्तमानपत्र. अजून सळसळत कापत असेल तर या किमतीत तक्रारीला जागा नाही. पाच-सहा पट्ट्यांतच धार गेली तरी लगेच निकाल देऊ नका. कारखान्यात फिरत्या पट्ट्यावर धार लावताना तिची बारीक कड तापते आणि तेवढा थर कमजोर होतो. दगडावर दोन वेळा धार लावली की तो थर जातो, आणि तोच चाकू पुढे दुप्पट टिकल्याचं दिसतं.

सफरचंदाचा निकाल धारेपेक्षा जाडीबद्दल जास्त सांगतो. मधोमध सरळ दाबत चिरा. पातं शांतपणे खाली उतरलं तर उत्तम. अर्ध्यावर ‘कड्’ असा आवाज होऊन फळ तडकलं तर पातं पाचर आहे. सुतळी अंगठ्याच्या आधाराने ओढून कापा. इथं थोडी खरबरीत धार गुळगुळीत धारेपेक्षा सरस ठरते.

घरी धार लावायला दोन बाजूंचा दगड पुरे, एक बाजू 400 ग्रिटच्या (कणांच्या बारीकपणाचा आकडा) आसपास आणि दुसरी 1000. 20 मिमी रुंद पात्यासाठी 20 अंशांचा कोन हवा तर पाठ दगडापासून 7 मिमी उचला, म्हणजे साधारण पेन्सिलीच्या जाडीइतकी. उतारावर मार्कर फासून दोन-तीन वेळा घासलं की कोन चुकतोय का ते लगेच दिसतं. शाई फक्त वरच्या कडेची गेली तर पाठ फार खाली आहे, फक्त धारेकडची गेली तर फार वर. गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडे विळी जरूर द्या, हा चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर बारीक पातं क्षणात तापतं आणि धारेवर निळसर डाग दिसला की तिथलं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरलंच.

पोलाद

चिनी पोलादांची नावं स्वतःच बरंच सांगतात. 8सीआर13एमओव्ही म्हणजे कर्ब सुमारे 0.8 टक्के आणि क्रोमियम 13. 3सीआर13 म्हणजे कर्ब 0.3 टक्के. पहिलं बरी धार धरतं. दुसरं सहज गंजत नाही, पण रोज पाजळावं लागतं. स्वीडनचं 12सी27 आणि 14सी28एन ही दोन्ही बारीक कणांची, पटकन धार घेणारी पोलादं आहेत आणि या किमतीत मिळाली तर डोळे झाकून घ्यावीत. नुसतं ‘440’ लिहिलेलं असेल तर सावध. ए आणि सी यांत कर्बाचा मोठा फरक आहे, आणि अक्षर गाळलं जातं ते सहसा सी नसतं म्हणून. ‘सर्जिकल स्टील’ हे तर पोलादाचं नावच नाही.

डी2 ची सध्या फार हवा आहे. धार ते खरोखर जास्त टिकवतं, पण त्यात क्रोमियम 12 टक्क्यांच्या आसपास असलं तरी त्यातलं बरंचसं कर्बाशी बांधलं जातं, म्हणून ते पुरतं गंजरोधक नाही. रत्नागिरी, मालवण, पणजीच्या खाऱ्या दमट हवेत त्यावर तपकिरी ठिपके पडतात. कैरी किंवा कोकम कापून तसंच मिटवलं तर त्याहून लवकर. साध्या दगडावर ते पाजळायलाही जीव काढतं. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी ते सोडून द्यावं.

कठीणपणाचा ढोबळ अंदाज हवा असेल तर नवी बारीक कानस पात्याच्या पाठीवर, बुडाजवळ हलकेच फिरवा. सहज चावली तर पोलाद मऊ. घसरत राहिली तर पाणी नीट दिलेलं आहे. याने ओरखडा पडतो आणि परत करण्याचा हक्क जातो, म्हणून ही तपासणी चाकू ठेवायचा ठरल्यावरच करा. मऊ म्हणजे वाईट असंही नाही. व्हिक्टोरिनॉक्स आपलं पोलाद 56 रॉकवेलच्या (कठीणपणाचं माप) आसपास ठेवते, आणि तो चाकू बारीक घडणीमुळे 60 रॉकवेलच्या जाड पात्यापेक्षा भाजी सरस कापतो.

पहिला आठवडा

खिशाची क्लिप जीन्सवर आणि पातळ पँटवर, दोन्हीकडे लावून पाहा. फार ताठ असेल तर पंधरा दिवसांत खिशाची कड कुरतडते. क्लिपचे स्क्रू सर्वांत आधी ढिले होतात. त्यांना निळा स्क्रूगोंद, नाहीतर नखाच्या रंगाचा एक थेंब लावा.

तेल बिजागरीत एकच थेंब. शिलाई मशीनचं तेल चांगलं. खोबरेल नको. 24 अंशांच्या खाली ते थिजतं, आणि एरवीही धूळ धरून चिकट होतं. फळं कापणार असाल तर औषधांच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन घ्या, ते पोटात गेलं तरी चालतं. लॉकच्या तोंडावर मात्र कुठलंच तेल नको.

लाकडी मुठीचा ओपिनेल घेतला असेल तर जुलै महिन्यात तो उघडेनासा होईल. चाकू बिघडलेला नसतो, लाकूड फुगून पातं आवळून धरतं. पक्कड लावू नका. कडं मोकळं करा आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर एकदा ठक्‌कन आपटा. पात्याची पाठ दोन-तीन मिमी बाहेर येते, मग चिमटीत धरून उघडायचा. फ्रान्सच्या साव्वा भागात, जिथं हा चाकू जन्मला, तिथं हीच रीत आहे. पाऊस ओसरला की मूठ पुन्हा सैलावते. तेव्हा कोरड्या दिवशी फटीला आतून जवसाचं तेल चोळून दोन दिवस उघडा वाळवलात तर पुढच्या वर्षी लाकूड कमी फुगतं.